गीक नेलपॉलिश: हातच्या चमकीच्या बाटल्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे आजघडीला १६२ बाटल्या आहेत. त्यांतल्या चाळीसेक मी न्यू जर्सीत सहा वर्षं राहिले तेव्हाच्या. बाकीच्या पुण्याला परत आल्यावर कोणाकोणाच्या सामानातून आल्या. लग्नात, लोकलमध्ये, दाताच्या डॉक्टरकडे, कुठेही हात पुढे केला की तेच ते प्रश्न येतात, म्हणून एकदाचं लिहूनच काढलं. ज्या प्रश्नांवर मला बोलायला आवडतं तिथे मी लांबण लावली आहे, बाकीचे उरकले आहेत.

गीक नेलपॉलिश म्हणजे नक्की काय?

गीक म्हणजे एखाद्या विषयाने झपाटलेला माणूस. आपण 'क्रिकेटवेडा' म्हणताना त्या 'वेडा'त जेवढं कौतुक आणि जेवढी थट्टा असते, तेवढीच गीक या शब्दातही असते. अशा माणसांनी अशाच माणसांसाठी केलेलं नेलपॉलिश ते गीक नेलपॉलिश. त्याचा रंग कुठल्या तरी विज्ञानमालिकेवरून, व्हिडिओ गेमवरून, कॉमिकवरून, नाहीतर थेट खगोलशास्त्रावरून घेतलेला असतो.

हे बहुतेक वेळा घरच्या घरी, तळघरात किंवा गॅरेजमध्ये, दागिन्यांच्या वजनकाट्यावर चमकी मोजून केलं जातं. पन्नास-शंभर बाटल्यांचा एक घाणा काढायचा, तो विकायचा, मग पुढचा. अमेरिकेत याची लाट आली ती २०१० नंतरच्या दोन-तीन वर्षांत. हातच्या वस्तू विकायला एट्सीसारखी ऑनलाइन पेठ होतीच, आणि तयार पारदर्शक बेस, म्हणजे चमकी मिसळायचं बिनरंगी पॉलिश, सुटा मिळत होता. दुकानातल्या पॉलिशमध्ये तेव्हा चमकी म्हणजे एक रंग, एक आकार. घरी पॉलिश करणाऱ्या या बायकांनी एका बाटलीत सहा रंग आणि चार आकार घातले आणि लोक वेडे झाले.

मोठ्या कंपन्यांनाही वास लागला. चायना ग्लेझने २०१२ मध्ये 'हंगर गेम्स' या सिनेमावरून रंग काढले, ओपीआयने २०२२ मध्ये एक्सबॉक्स या गेमच्या यंत्राबरोबर. रंग चांगले होते. पण रीतसर परवाना घेऊन केलेल्या बाटलीवर सगळं छापलेलंच असतं, ओळखायला काही उरत नाही. घरगुती बाटलीवर मालिकेचं नाव टाकता येत नाही, ट्रेडमार्कचा मामला असतो. म्हणून नाव आडवळणाने ठेवतात: एखादा संवादाचा तुकडा, एखादा आकडा, एखाद्या दुय्यम पात्राची सवय. मला विचाराल तर निम्मी मजा त्या आडवळणातच आहे.

पण समोरच्याला कळतं का तुमच्या नखांवर काय आहे?

शंभरातल्या नव्व्याण्णवांना नाही. "छान आहे हं, दिवाळीचं का?" एवढंच येतं.

एकदा मात्र असं झालं. रक्ततपासणीला गेले होते. माझ्या नखांवर काळी जेली, म्हणजे रंगीत काचेसारखं पॉलिश, त्यात चमकीचे पिवळे गोल आणि लाल, गुलाबी, आकाशी, नारिंगी अशा चार रंगांचे षटकोन. शिवाय बारीक ठिपके, पण ते पांढरे नव्हेत, फिकट पीच रंगाचे. सुई टोचणारा मुलगा विशी-बाविशीचा असेल. हात उलटा करताना एकदम थांबला आणि म्हणाला, "ताई, पॅकमॅन ना?" मी म्हटलं, कशावरून? म्हणाला, "चार भुतं आहेत की."

पॅकमॅन हा नाम्को कंपनीचा १९८० सालचा खेळ, म्हणजे त्याच्या जन्माच्याही कितीतरी आधीचा. चार भुतांचे चार रंग ठरलेले. आणि ते खायचे ठिपके सगळे पांढरे समजतात, पण मूळ यंत्रावर ते पीच रंगाचेच होते. ज्या बाईने ही बाटली केली तिला ते माहीत होतं. तिने पांढरी चमकी हाताशी असूनही पीच शोधून आणली असणार. मी त्या ठिपक्यांसाठीच ती घेतली होती. सुई कधी टोचली ते कळलंच नाही.

रंग ठरवतात कसा? निळं घेतलं, चमकी टाकली, झालं?

तसं करणारेही आहेत, आणि त्यांच्या बाटल्या फळीवर ओळखू येतात. चांगली बनवणारी आधी भांडण उकरून काढते.

'स्टार ट्रेक'चं उदाहरण घ्या. १९६६ ते १९६९ च्या मूळ मालिकेत कप्तानाचा सदरा सोनेरी, हे जगजाहीर. प्रत्यक्षात ते मखमली कापड हिरवट होतं. स्टुडिओतल्या दिव्यांखाली आणि फिल्मवर ते सोनेरी दिसायचं. मग नखावर सोनेरी आणायचं की हिरवट? माझ्याकडे यावर एक फार हुशार बाटली आहे. समोरून मोहरीच्या फुलासारखी पिवळी आणि हात तिरका केला की कडेला कच्च्या कैरीची झाक. वाद मिटवण्याऐवजी तिने तो बाटलीत भरला. त्यातून १९८७ च्या पुढच्या मालिकेत कप्तानाला लाल सदरा आला आणि सोनेरी यंत्रविभागाकडे गेला, म्हणजे 'सोनेरी' म्हणताना कोणती पिढी ते आधी विचारावं लागतं.

'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानमालिकेतली ती निळी पोलीस पेटी, म्हणजे नायकाचं कालयान. मालिका १९६३ साली सुरू झाली आणि १९७० पर्यंत कृष्णधवलच होती. पहिली सहा-सात वर्षं प्रेक्षकांनी तो निळा पाहिलाच नाही, फक्त मानला. पुढे पेट्या बदलत गेल्या तसा निळाही बदलला. म्हणून या एका निळ्याच्या जितक्या बाटल्या आहेत तितक्या कशाच्याच नसतील. माझ्याकडेच पाच आहेत आणि पाचही एकमेकींशी जुळत नाहीत.

आपल्याकडचं उदाहरण वेताळचं, म्हणजे इंग्रजीतल्या 'फँटम'चं. ली फॉकचा हा नायक १९३६ साली वृत्तपत्रात आला तेव्हा बिनरंगी होता. १९३९ मध्ये रविवारची रंगीत पट्टी निघाली आणि पोशाख जांभळा झाला, फॉकच्या डोक्यात मात्र करडा होता म्हणतात. इटलीत तो लाल घालतो, स्वीडन-नॉर्वेकडे निळा. इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेल्या मराठी माणसाला विचारा, तो जांभळ्याशिवाय दुसरं काही ऐकून घेणार नाही. माझ्या थोरल्या भावाने तर लाल वेताळचं चित्र पाहून "हा कोण?" असं विचारलं होतं, दुखावल्या स्वरात. वेताळवर बाटली कोणी केली तर माझी मागणी एवढीच, की जांभळा जेलीचा हवा आणि कवटी एकच हवी, करंगळीला.

आणि ज्यांना मालिका-बिलिका आवडत नाहीत त्यांच्यासाठी तेजोमेघ आहेत. हबल या अंतराळ दुर्बिणीने १९९५ मध्ये टिपलेले ते धुळीचे खांब आठवतात? त्या चित्रातले रंग डोळ्याला दिसणारे नाहीत. गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा असा शास्त्रज्ञांनी वाटप केलेला. त्याच तीन रंगांची चमकी त्याच क्रमाने घातलेली बाटली मी एका सहकाऱ्याला दाखवली तर तो म्हणाला, "हे तर आकृतीखालच्या तळटिपेचं नेलपॉलिश झालं." अगदी बरोबर बोलला.

क्रीम, जेली, क्रेली, टॉपर... हे काय आहे?

क्रीम म्हणजे अपारदर्शक सपाट रंग. जेली म्हणजे रंगीत काचेसारखं, खालचं दिसतं. क्रेली दोघांच्या मधली, दुधात रंग कालवल्यासारखी, आणि तिच्यात चमकी अर्धवट बुडालेली दिसते. टॉपर म्हणजे पारदर्शक बेसमध्ये नुसती चमकी, दुसऱ्या रंगावर लावायची. होलो म्हणजे उन्हात इंद्रधनुष्य पडतं ते. त्याच्या कणांवर सूक्ष्म रेघा असतात आणि त्या सीडीच्या पाठीसारखा उजेड फोडतात. मल्टिक्रोम कोनाप्रमाणे रंग बदलतं, साबणाच्या फुग्याचं किंवा मोरपिसाचं जे गणित तेच.

शिकाऊ माणसाने टॉपरपासून सुरुवात करावी. घरात एखादं काळं किंवा गडद निळं पॉलिश असतंच, त्यावर एक हात मारला की काम झालं.

चमकीचा कण षटकोनीच का असतो?

कारण षटकोन एकमेकांना चिकटून बसतात, मध्ये कापड वाया जात नाही. कापड म्हणजे खरं तर पॉलिएस्टरची पातळ फिल्म. तिच्यावर ॲल्युमिनियमचा थर, त्यावर रंग, आणि मग यंत्रात कातरलेली. आधुनिक चमकीचा उगम न्यू जर्सीचाच मानतात. १९३० च्या दशकात हेन्री रुशमन नावाच्या माणसाने टाकाऊ माल बारीक कातरण्याचं यंत्र केलं आणि त्यातून मेडोब्रुक इन्व्हेन्शन्स ही कंपनी उभी राहिली. ती आहे बर्नार्ड्सव्हिलमध्ये. मी राहायचे तिथून फार लांब नाही, पण हे मला पुण्याला आल्यावर कळलं. आपलं नशीब.

आकार इंचाच्या हजाराव्या भागात सांगतात. आठ म्हणजे ०.२ मिलिमीटर, बारीक रव्याहूनही बारीक. चाळीस म्हणजे एक मिलिमीटर, खसखस. चौऱ्याण्णव म्हणजे साधारण तीळ. माझा अनुभव: रवा आणि खसखस मिळून बाटली सुंदर होते, तीळ जपून. तिळाएवढा कण नखाच्या गोलाईवर सपाट बसत नाही, त्याचा कोपरा उभा राहतो आणि पैठणीच्या पदरात अडकतो. विचारू नका.

चमकी तळाशी जाऊन बसत नाही का?

साध्या पारदर्शक पॉलिशमध्ये बसते. म्हणून 'सस्पेन्शन बेस' वापरतात. त्यात हेक्टोराइट नावाच्या चिकणमातीवर प्रक्रिया करून केलेली पूड असते. कॅलिफोर्नियातल्या हेक्टर गावावरून तिचं नाव पडलं. या मातीची खोड अशी, की ढवळलं की पातळ होते आणि सोडून दिलं की पुन्हा आवळते. दही मोडलं की मोडलं, ते परत लागत नाही. हिचं तसं नाही. ब्रश फिरतो तेवढ्यापुरती वाट देते आणि मग चमकीला जागच्या जागी धरून ठेवते.

तरी जड चमकी वर्षभरात खाली येतेच. बाटली उलटी करून दहा मिनिटं ठेवा, मग तळव्यांमध्ये धरून रवीसारखी घुसळा. जोरजोरात हलवू नका, हवेचे बुडबुडे अडकतात आणि ते नखावर येतात.

लावायची पद्धत?

इथे घाई चालत नाही.

आधी बेस कोट. गडद निळं किंवा हिरवट निळं असेल तर बेसचे दोन हात द्या, नाहीतर रंग काढल्यावर नखं आठवडाभर कावीळ झाल्यासारखी दिसतात. मग रंगाचा पातळ हात, तो सुकू द्या. मग चमकी. ती फासायची नसते, टेकवायची असते. ब्रशने ओढलं की सगळी चमकी एका कडेला जाऊन बसते, झाडूने केर लोटल्यासारखी. ब्रशच्या टोकावर थेंब घ्या, नखाच्या मध्यावर टेकवा आणि हलक्या हाताने पसरू द्या. मोठा तारा किंवा कवटी हवी त्या जागी हवी असेल तर टूथपिकने उचलून ठेवा, नशिबावर सोडू नका. बाटलीत ताऱ्यांची मासेमारी करताना माझी एक संध्याकाळ गेली आहे.

जेली असेल तर थर चढवता येतात. जेली, चमकी, पुन्हा जेली. खालची चमकी मग विहिरीच्या तळाशी पडलेल्या नाण्यांसारखी दिसते. मला या प्रकाराइतकं दुसरं काहीच आवडत नाही. चार थर, दर थराला दहा मिनिटं, एक सिनेमा संपतो.

शेवटी टॉप कोट, आणि तो जाड. चमकी टॉप कोट पिऊन टाकते. पहिला हात दिल्यावर बोट फिरवलंत तर खडबडीत, सँडपेपरच. दुसऱ्या हाताने काच होते. वरून कोरडं वाटलं तरी आत अजून ओलं असतं, त्यामुळे रात्री अकराला लावून झोपू नका. सकाळी नखांवर सोलापुरी चादरीची वीण छापलेली सापडते.

काढायचं कसं? मी अर्धा तास घासतेय!

घासू नका. साध्या पॉलिशचा पापुद्रा नायट्रोसेल्युलोजचा असतो, तो ॲसिटोनमध्ये लगेच विरघळतो. चमकी पॉलिएस्टरची, ती विरघळत नाही, तिथेच ठाण मांडून बसते. कापसाचा छोटा तुकडा ॲसिटोनमध्ये भिजवून नखावर ठेवा, बोटाच्या टोकाला ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळा, सात-आठ मिनिटं थांबा आणि दाबून एका झटक्यात ओढा. नखाभोवती आधी थोडं खोबरेल लावा म्हणजे कातडी पांढरी पडत नाही. आणि हे गॅसजवळ करू नका. ॲसिटोनची वाफ पेटते.

दुसरा मार्ग सोलून निघणाऱ्या बेस कोटचा. तो पांढऱ्या गोंदाच्या जातीचा असतो, पाण्याने सैल होतो आणि सगळं पॉलिश टोपणासारखं निघतं. फार सोयीचा. फक्त तो लावून कणीक मळायला घेऊ नका. माझ्या उजव्या अंगठ्याचा अख्खा तेजोमेघ एकदा कणकेत गेला. शोधून काढला, तरी त्या दिवशी घरात कोणी पोळी खाल्ली नाही.

आपण हाताने जेवतो. हळदीचं काय?

फिकट रंग विसरा. पांढरी किंवा फिकट गुलाबी क्रेली दोन जेवणांत पिवळी पडते. डाग टॉप कोटवर असतो, तेव्हा वरचेवर टॉप कोटचा ताजा हात दिला तर थोडं निभावतं. पण फणसाची भाजी, आमरस आणि फिकट पॉलिश एकाच आठवड्यात जमत नाही. मी एप्रिल-मेमध्ये सरळ काळ्या जेलीवर जाते.

या बाटल्या भारतात मिळवायच्या कशा?

सरळ मार्ग कमीच. नेलपॉलिश हा ज्वालाग्राही द्रव, त्यामुळे टपालाने तो पाठवायला ठिकठिकाणी बंदी किंवा कडक अटी आहेत. अमेरिकेचं टपालखातं परदेशी पाकिटात तो घेतच नाही. बरेच छोटे विक्रेते म्हणूनच देशाबाहेर पाठवत नाहीत.

उरतो आपला पारंपरिक मार्ग, येणारं माणूस. विमानाच्या सामानात प्रसाधनांना मुभा असते: एक बाटली ५०० मिलिलिटरपर्यंत आणि माणशी सगळं मिळून दोन लिटर. नेलपॉलिशची नेहमीची बाटली १५ मिलिलिटरची, तेव्हा अडचण कायद्याची नसते, जावेच्या बॅगेतल्या जागेची असते. केबिनच्या पिशवीत न्यायच्या तर पारदर्शक पिशवीत, द्रवांच्या नेहमीच्या नियमाने. एकेक बाटली मोज्यात घाला, मोजा झिपच्या पिशवीत, आणि ती कपड्यांच्या मधोमध. आणणाऱ्या माणसाला आधी सांगा की आत काय आहे. 'खाऊ आहे' असं सांगून पाठवलेली पिशवी माझ्या मावसभावाने विमानतळावर उघडली होती.

किंमत साधारण १० ते १५ डॉलरच्या घरात. महाग आहेच. पण एकीचं काम आहे, आणि बाटली वर्षानुवर्षं पुरते.

आगाऊ पैसे भरले आणि बाटली आलीच नाही तर?

होतं असं. माझं झालं आहे. एका बनवणारीच्या बाटल्या इतक्या गाजल्या की ऑर्डरी तिच्या आवाक्याबाहेर गेल्या. आधी 'दोन आठवडे', मग 'आजारी होते', मग दुकान बंद. माझे चार बाटल्यांचे पैसे गेले. राग आला, खोटं कशाला बोलू. पण एक बाई स्वयंपाकघरात दिवसाला तीस बाटल्या भरते आणि तीनशे लोक एकाच मिनिटाला बटण दाबतात, हे गणित बसणार कसं हेही नंतर कळलं.

तेव्हापासून माझे नियम: नव्या बनवणारीकडून पहिल्यांदा एकच बाटली. पैसे भरायची सोय अशी हवी की तक्रार करून परत मागता येतील. आणि माल तयार असेल तरच, किंवा आगाऊ नोंदणी असेल तर पाठवायची तारीख लेखी. आता बऱ्याच जणी महिन्यातून ठरावीक दिवस नोंदणी घेतात, तेवढ्याच बाटल्या करतात. हे शहाणपण ठेचा खाऊन आलेलं आहे.

मी घरी करू शकते का?

स्वतःपुरतं, हो. दोन-तीन तयार पॉलिशं मिसळून नवं करण्याला या मंडळींत 'फ्रँकन' म्हणतात, फ्रँकेन्स्टाइनच्या तुकडे जोडून केलेल्या राक्षसावरून. गीक लोकांचं क्रियापद गीकच असणार.

पण चमकी मात्र द्रावकात टिकणारी, सौंदर्यप्रसाधनांसाठी केलेलीच घ्या. मी तुळशीबागेतून शाळेच्या प्रकल्पाची चमकी आणली होती, सहा डब्या, सहा रंग. पहिल्या दिवशी बाटली इतकी सुंदर दिसत होती की मी फोटो काढून बहिणीला पाठवला. चौथ्या दिवशी लाल चमकीने रंग सोडला. आठव्या दिवशी बाटलीत गुलाबी पाणी आणि त्यात सहा रंगांऐवजी चंदेरी पत्र्याचे तुकडे. रंग सगळा धुऊन निघाला होता. ढवळायला घातलेले छर्रे सायकलच्या दुकानातले होते, तेही स्टेनलेसच हवेत हे नंतर समजलं.

चमकी घ्यायच्या आधी चाचणी करा. चिमूटभर चमकी पारदर्शक पॉलिशमध्ये घालून झाकणबंद कुपी दोन आठवडे ठेवा. रंग सुटला तर ती चमकी भेटकार्डांना वापरा.

विकायचं डोक्यात असेल तर ते वेगळं प्रकरण. सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० प्रमाणे उत्पादनाला परवाना लागतो, महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासनाकडून. नायट्रोसेल्युलोज जुन्या पेट घेणाऱ्या सिनेमा-फिल्मच्या कुळातलं आहे, त्यामुळे जागा, वायुवीजन, आगीची व्यवस्था सगळं आलं. देवघराशेजारच्या खोलीत जमणारा उद्योग नाही.

'थ्री फ्री', 'फाइव्ह फ्री' म्हणजे सुरक्षित ना?

थ्री फ्री म्हणजे टोल्युइन, फॉर्मल्डिहाइड आणि डायब्युटाइल थॅलेट हे तीन पदार्थ नाहीत. फाइव्हमध्ये फॉर्मल्डिहाइडयुक्त रेझिन आणि कापूर हे आणखी दोन वगळतात. हो, तोच आरतीचा कापूर. पापुद्रा लवचीक राहावा म्हणून घालतात. पुढे दहा, तेरा, एकवीस असे आकडे वाढत गेले, पण त्यांची कायद्याने ठरलेली व्याख्या नाही, आणि नेलपॉलिशमध्ये कधी नसतातच असे पदार्थ मोजूनही आकडा फुगवता येतो. आकडा पाहू नका, घटकांची यादी वाचा. यादीच नसेल तर घेऊ नका.

एक खूण लक्षात ठेवा. नेलपॉलिशची ॲलर्जी पुष्कळदा बोटांवर दिसत नाही, पापण्यांवर आणि मानेवर दिसते, कारण आपण हात तिथे लावत असतो. पापण्या विनाकारण खाजायला लागल्या तर नखं आठवा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. शस्त्रक्रियेआधी मात्र सगळं काढून जा. बोटाला लावायच्या ऑक्सिजनच्या चिमट्याला गडद रंग आडवा येऊ शकतो.

चमकी म्हणजे प्लास्टिकच. त्याचं काय?

हा प्रश्न टोचतो, आणि टोचायलाच हवा. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर बंदी आणली. नेलपॉलिश आणि मेकअपला २०३५ पर्यंत मुदत आहे, पण २०३१ पासून बाटलीवर तसं लिहावं लागेल. वनस्पतीच्या सेल्युलोजपासून केलेली चमकीही निघाली आहे.

मी काय करते? पुसलेला कापूस आणि फॉइल बेसिनमध्ये धूत नाही, सुक्या कचऱ्यात बांधून टाकते. आणि गेली दोन वर्षं नव्या बाटल्या मोजून घेते. याने समुद्र वाचतो असा माझा दावा नाही.

एवढ्या बाटल्या ठेवता कुठे?

अमेरिकेतल्या संग्राहकांचं लाडकं कपाट म्हणजे आयकियाचं हेल्मर, सहा खणांचं, पत्र्याचं. माझ्याकडे सासूबाईंच्या शिवणकामाचं लाकडी कपाट आहे. रिळांचे उथळ खण बाटल्यांना अगदी बेतलेले. बाटली उभी ठेवा, उन्हापासून लांब, आणि फ्रिजमध्ये तर मुळीच नको. घट्ट झालं तर पॉलिशचा थिनर दोन-तीन थेंब. रिमूव्हर घालू नका, त्याने पॉलिशची वाट लागते. झाकण लावण्याआधी बाटलीचा गळा पुसा, नाहीतर पुढच्या वेळी पक्कड लागेल.

प्रत्येकीचा नमुना प्लास्टिकच्या खोट्या नखावर लावून मागे नाव लिहून ठेवलं आहे. त्या चाव्यांसारख्या जुडग्याशी खेळायला भाची येते. तिला मालिका एकही माहीत नाही, ती वासावरून क्रम लावते.

ऑफिसला चालतं?

माझ्या चालतं. गडद रंगात बारीक चमकी असेल तर मीटिंगमध्ये कोणाच्या लक्षातही येत नाही, खिडकीतून ऊन आलं तरच.

पुरुषांनी लावलं तर?

तर त्यांनीही दोन हात बेस द्यावा. मुंबईच्या कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिकवेड्यांच्या मेळ्याला, गेलात तर हा प्रश्न पडणार नाही.

बंद झालेल्या रंगाची बाटली वापरावी की जपावी?

बनवणारीने दुकान आवरलं की तिच्या उरलेल्या बाटल्या दुप्पट-चौपट भावाने फिरतात. काही जण न उघडता ठेवतात. मी दोन वर्षं तसंच केलं, त्या काळ्या पॅकमॅनच्या बाबतीत. तिची करणारी केव्हाच दुसऱ्या नोकरीला लागली, तो रंग आता होणे नाही. मग एका पावसाळ्यात पाहिलं तर न उघडताच ती घट्ट व्हायला लागली होती, पीचचे ठिपके एका कोपऱ्यात गोळा झालेले. त्याच दिवशी उघडली. तिला थिनरचे तीन थेंब दिले आणि तेव्हापासून लावतेच आहे.

आता पातळी इतकी खाली गेली आहे की ब्रश पोचत नाही, बाटली तिरकी धरून कोपऱ्यातून खरवडावं लागतं. नीट लावलं तर एका हाताची पाच नखं होतील, दोन्ही हातांचं काही जमणार नाही. डाव्याची करणार आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा रक्ततपासणी आहे, आणि सुई डाव्याच हाताला टोचतात.